नोंद बदलण्याआधी

सातबाऱ्यावरच्या नावाला कंस झाला की त्याचा अर्थ गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माणूस वारला असेल, जमीन विकली गेली असेल, वाटणीत हिस्सा भावाकडे गेला असेल. नाव मात्र खोडलेले नसते, कंसातही ते वाचता येते. शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक धरून गाव नमुना सहाची नोंदवही उघडली की नाव का हटले, कोणाच्या वर्दीवरून हटले, नोंद कोणी प्रमाणित केली, हे ओळीने सापडते. माझ्या आजोबांच्या नावाला कंस होऊन बरीच वर्षे झाली. सातबारा हातात आला की माझी नजर आजही आधी त्या कंसाकडे जाते.

सगळे हाताने लिहायच्या काळात आणखी एक रीत होती. फेरफार नोंदवहीत नोंद धरली की पटवारी सातबाऱ्यावर तिचा क्रमांक पेन्सिलने टाकायचा. (तलाठी हा शब्द कागदावर आला, आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले, पण आमच्याकडची जुनी माणसे पटवारीच म्हणतात.) मग चावडीवर प्रत लागायची, संबंधितांना नोटीस जायची, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळायचे. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जायचे. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करायचा, आणि तेव्हा कुठे पेन्सिलीच्या जागी शाई यायची. नोंद धरणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ आणि १५० मध्ये या रीतीचा पाया आहे.

ही पुस्तिका जमीन महसुलावरची नाही. एआय एजंटांच्या हाती द्यायच्या एका टूलचे दस्तऐवजीकरण कसे लिहावे, एवढाच तिचा विषय आहे. टूलचे काम एकच : एपीआयच्या दारातून आत जाऊन आधीपासून असलेली नोंद बदलणे. पण लिहायला बसल्यावर जाणवले की जे सांगायचे आहे त्याला लागणारे शब्द पटवाऱ्याच्या दप्तरात आधीच आहेत. पेन्सिल, कंस आणि फेरफार क्रमांक या तिन्हींकडे मला पुन्हा पुन्हा यावे लागले.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे मागून सांगतो. एपीआय म्हणजे एका प्रणालीने दुसऱ्या प्रणालीशी बोलण्याची ठरलेली पद्धत. कोणत्या पत्त्यावर काय मागायचे, कोणत्या नमुन्यात पाठवायचे, उत्तर कसे येईल, हे सगळे आधी ठरलेले असते. आतापर्यंत एपीआयची माहितीपुस्तके माणसांसाठी लिहिली जात. प्रोग्रॅमर ते वाचायचा, न समजलेले शेजारच्याला विचारायचा, चुकत चुकत शिकायचा आणि एकदाच नीट कोड लिहायचा. तो कोड पुढे वर्षानुवर्षे तेच काम तसेच करायचा.

एजंटाचे तसे नाही. एजंट म्हणजे एक भाषा प्रारूप, ज्याला काम सांगितले जाते आणि ते काम पार पाडायला काही टूल्स दिली जातात. कोणते टूल उचलायचे आणि त्यात काय भरायचे हे तो त्या क्षणी ठरवतो. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या एपीआयमध्ये फंक्शन कॉलिंगची सोय दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा खुला नमुना जाहीर केला. तेव्हापासून टूल एजंटापुढे कसे मांडायचे याला बऱ्यापैकी एकसारखा आकार आला आहे. टूलचे नाव, दोन-चार परिच्छेदांचे वर्णन आणि भरायच्या फील्डांचा तक्ता. एजंटाला दिसते ते एवढेच. आतला कोड त्याला दिसत नाही, कार्यालयात तोंडी ठरलेले नियम त्याला ठाऊक नसतात, मागच्या महिन्यात कोणाची कोणती चूक झाली होती हेही नाही. प्रत्येक कामाला तो नव्याने वर्णन वाचतो आणि जे लिहिलेले नाही ते अंदाजाने भरून काढतो. म्हणून एजंटासाठी लिहिलेले वर्णन हा टूलचाच भाग मानावा. वर्णन अपुरे असेल तर टूल अपुरे आहे, मग आतला कोड कितीही चांगला असो.

हा विषय चंद्रपूर आणि गडचिरोलीत बसून का लिहायचा? माझ्यापुरते उत्तर असे की चुकीच्या नोंदीची किंमत इथे फार मोठी आहे. गडचिरोलीचा जवळपास सत्तर टक्के भाग जंगलाखाली आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तरेला कोरचीपासून दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत लांबच लांब पसरला आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा ठिकाणी नाव चुकले, क्षेत्र चुकले, दाव्याची स्थिती चुकली, तर दुरुस्तीसाठी माणसाला मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी यावे लागते, आणि एका खेपेत काम होईल याची खात्री नसते.

आणि नोंदी इथे पुष्कळ आहेत. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळवला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. आज एकट्या गडचिरोलीत सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभा हजाराहून अधिक आहेत. प्रत्येकीकडे ठरावांचे पुस्तक आहे, मजुरीचा हिशेब आहे, तेंदूच्या हंगामात पुड्यांची मोजणी आहे. वैयक्तिक दाव्यांचे कागद वेगळेच. ते ग्रामसभेकडून उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातात. हे सारे हळूहळू संगणकावर येते आहे, आणि संगणकावर आलेल्या नोंदी बदलण्याचे काम एजंटाकडे सोपवण्याचा मोह होणार, हे उघड आहे. तो मोह वाईट आहे असे मी म्हणत नाही. ग्रामसभेच्या सचिवाचे रात्रीचे दोन तास वाचले तर मला आनंदच होईल. पण वर्णन आधी लिहून व्हावे.

एक फरक सुरुवातीलाच मनात पक्का हवा. ताडोब्याच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावाच्या कडेला एआय कॅमेरे बसवले गेले. वाघ टप्प्यात आला की कॅमेरा तो ओळखतो आणि गावाला इशारा मिळतो. ही प्रणाली पाहते आणि सांगते. तिची चूकही महाग पडू शकते, पण चुकून भोंगा वाजला म्हणून कोणाच्या कागदातले काही बदलत नाही. नोंद बदलणारे टूल वेगळ्या जातीचे. ते लिहिते, आणि लिहिलेल्यावर पुढचे सगळे विसंबतात. वाचणाऱ्या टूलचे वर्णन चार ओळींत भागले तरी चालेल. लिहिणाऱ्या टूलला चार पाने लागली तर ती द्यावीत.

आता ज्या चुकीमुळे ही पुस्तिका लिहावीशी वाटली तिच्याकडे येतो. बदल पाठवायच्या दोन रीती वेबवर रूढ आहेत. पुट म्हणजे संपूर्ण नोंद नवी देणे, जुनी जाऊन नवी येते. पॅच म्हणजे फक्त बदललेला भाग देणे, बाकी आहे तसे राहते. पॅचचे मानक मार्च २०१० मध्ये आले. २०१४ च्या जेसन मर्ज पॅच या मानकात बारकाईने ठरवले आहे की जे फील्ड पाठवले नाही ते तसेच राहील, जे नल, म्हणजे मुद्दाम रिकामे, म्हणून पाठवले ते निघून जाईल, आणि यादी पाठवली तर जुनी यादी पूर्णपणे जाऊन नवी तिची जागा घेईल. या शेवटच्या कलमात धोका आहे.

वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे विवाहित धारकाचा हक्क पती आणि पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा असतो. प्रणालीत त्यासाठी धारकांची यादी असते आणि तिच्यात दोन नावे असतात. आता समजा सचिवाने एजंटाला सांगितले, ‘या दाव्यात नवऱ्याचे नाव चुकीचे पडले आहे, दुरुस्त कर.’ एजंट टूल उचलतो. वर्णनात लिहिलेले असते, ‘दाव्याची नोंद अद्ययावत करते. बदललेली फील्डे पाठवा.’ एजंट आज्ञाधारकपणे बदललेले तेवढेच पाठवतो, म्हणजे धारकांच्या यादीत दुरुस्त केलेले एक नाव. प्रणाली मानकाप्रमाणे जुनी यादी काढते आणि नवी लावते. उत्तर येते, यशस्वी. एजंट सचिवाला कळवतो की दुरुस्ती झाली. आणि बायकोचे नाव गेलेले असते.

यात खोटे कोणी बोलले नाही, कोड बिघडला नाही, मानकही पाळले गेले. वर्णनात एक वाक्य कमी होते : ‘धारक ही यादी पूर्ण बदलली जाते. एक नाव बदलायचे असले तरी सध्याची सगळी नावे आधी वाचून घ्या आणि सगळी परत पाठवा.’ आणि माझे मत विचाराल तर हे वाक्यही पुरेसे नाही. ज्या यादीत माणसांचे हक्क आहेत ती संपूर्ण बदलण्याची मुभा टूलने द्यावीच का? धारक जोडणे, धारकाच्या नावातली चूक सुधारणे आणि धारक वगळणे ही तीन वेगळी टूल्स असावीत, आणि वगळण्याच्या टूलने कारण आणि ठराव क्रमांक मागितल्याशिवाय पुढे सरकू नये. पटवाऱ्याच्या भाषेत, कंस करायचा तर फेरफार क्रमांक हवाच.

संहितेनेही हा भेद केलेला आहे. हक्क बदलला तर फेरफार, लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खालची दुरुस्ती. दोन वाटा, दोन कारणे. ‘अपडेट’ नावाच्या एकाच टूलमध्ये या दोन्ही वाटा कोंबल्या की एजंटाला त्या एकसारख्याच दिसतात, कारण त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे एका फील्डात नवा मजकूर जातो.

टूलची रचनाच चूक अडवणारी असावी, हे आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना ब्रेथ काउंटर तयार केला. गावातल्या सुईणींना बाळाचे श्वास मोजायचे होते, आणि पन्नास-साठपर्यंतची मोजणी त्यांच्या सवयीची नव्हती. मग एक मिनिटाची वाळू आणि सरकवायचे मणी अशी जोड केली गेली. ठरावीक श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत हात पोहोचला तर श्वास धोक्याच्या वेगाचा. वापरणारी बाई कुठे अडते ते पाहून साधनाचा आकार ठरला. टूल लिहिणाऱ्याने एजंटाकडे याच नजरेने पाहावे, असे मला वाटते. तो कुठे चुकतो ते बसून पाहावे, आणि जिथे सूचना वाढवत राहावे लागते तिथे टूलच बदलावे.

फील्डांच्या तक्त्यावर पुस्तिकेत सर्वांत जास्त पाने गेली आहेत. ती वाचकाने कंटाळा न करता वाचावीत. क्षेत्राचे एकच उदाहरण देतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शेतकऱ्याच्या बोलण्यात एकरात असते. दोन एकर म्हणजे सुमारे ०.८१ हेक्टर. वनहक्काखाली वैयक्तिक क्षेत्राची कमाल मर्यादा चार हेक्टर आहे. फील्डाचे नाव नुसते ‘क्षेत्र’ ठेवले आणि एकक सांगितले नाही, तर ग्रामसभेच्या ठरावातले ‘४ एकर’ बघता बघता चार हेक्टर होतात, आणि आकडा मर्यादेतच असल्यामुळे कोणतीही तपासणी तो अडवत नाही. म्हणून फील्डाचे नावच ‘क्षेत्र_हेक्टर’ असावे आणि वर्णनात एक वाक्य असावे : मूळ कागदावर एकर असेल तर रूपांतर करून मूळ आकडा शेऱ्यात नोंदवा.

गावाच्या नावांचेही तसेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावयाद्या पाहिलेल्या माणसाला माल, चक, तुकूम आणि रीठ ही शेपटे ठाऊक असतात. एकाच नावाचे माल वेगळे, चक वेगळे, तुकूम वेगळे, आणि रीठ म्हणजे वस्ती नसलेले, पण महसुली दप्तरात जिवंत असलेले गाव. एजंटाला नुसते ‘पिपरी’ सांगून चालत नाही. नोंद शोधायला नाव चालेल, पण बदलायला संकेतांकच हवा, आणि तो संकेतांक आधीच्या वाचनातून आलेला हवा. हे वर्णनात स्पष्ट लिहिले नाही तर एजंट संकेतांक स्वतः जुळवतो. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीचा क्रमांक ५०८ आणि चंद्रपूरचा ५०९ आहे. एका अंकाची चूक झाली तर नोंद शेजारच्या जिल्ह्यात जाऊन बसते, आणि अंक खरा असल्यामुळे प्रणाली ती निमूटपणे स्वीकारते. जमिनीलाही इथे दोन ओळखी असतात. महसूलचा गट क्रमांक आणि वनविभागाचा कक्ष क्रमांक. एकाच्या जागी दुसरा भरला गेला तर तो आकडा आकडा म्हणून अगदी निर्दोष दिसतो.

शब्दांच्या बाबतीत माझा थोडा हट्ट आहे. टूलची वर्णने लिहिताना इथले शब्द भाषांतरित करू नयेत. ‘जबरान जोत’ला, म्हणजे वनजमीन कसण्याला, इंग्रजीत अतिक्रमण या अर्थाचा शब्द लावला की ज्याच्या हक्काचा दावा चालू आहे तो माणूस पहिल्याच ओळीत गुन्हेगार ठरतो. ‘निस्तार’ला एका शब्दात मांडणारा प्रतिशब्द नाही. गावाच्या सरपणाचे, चराईचे, वाटेचे, पाण्याचे हक्क त्या एका शब्दात आहेत. आणि ‘झुडपी जंगल’चे तर विचारूच नका. विदर्भातली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या नावाखाली दशकानुदशके वन की महसूल या वादात राहिली, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीन मानण्याचा निकाल दिला तेव्हाही १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी वेगळी वाट ठेवावी लागली. अशा जमिनीच्या प्रकाराच्या फील्डात ‘वन’ आणि ‘महसूल’ असे दोनच पर्याय दिले तर एजंट त्यांतला एक निवडणारच, कारण रिकामे सोडू नको असे त्याला सांगितलेले असते. तिसरा पर्याय द्या, त्याला त्याच्याच नावाने ठेवा आणि त्याखाली दोन ओळींत मराठीत अर्थ लिहा. आजची प्रारूपे मराठी वाचतात. त्यांना इथला अर्थ कोणीतरी सांगायला हवा, तो त्यांना आपोआप ठाऊक असतो असे धरून चालू नये.

नेटवर्कबद्दल शहरात बसून लिहिणाऱ्याला सहसा सुचत नाही ते असे. एटापल्ली किंवा भामरागडच्या बाजूला विनंती जाते, नोंद बदलते, आणि उत्तर परत येताना रेंज जाते. एजंटाला वाटते काम झाले नाही. तो पुन्हा पाठवतो. दुसरी विनंती पोहोचून काय होईल हे टूल कसे लिहिले आहे यावर ठरते. तेंदूच्या हंगामात एका मजुराच्या खात्यावर ‘२०० पुडे जमा करा’ अशी विनंती दोनदा गेली तर चारशे जमा होतील. ‘आजच्या दिवसाचे पुडे २०० आहेत’ अशी विनंती दहा वेळा गेली तरी दोनशेच राहतील. या दुसऱ्या गुणाला संगणकाच्या भाषेत आयडेम्पोटंट म्हणतात. महाराष्ट्रात एका पुड्यात सत्तर पाने असतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पहिल्या प्रकारची विनंती दोनदा गेली की कागदावर चौदा हजार न तोडलेली पाने तयार होतात. जिथे जमा करणेच भाग आहे तिथे प्रत्येक विनंतीला एक वेगळा क्रमांक द्यावा, तोच क्रमांक पुन्हा आला तर प्रणालीने दुसऱ्यांदा काही करू नये, आणि वर्णनात सांगावे : पुन्हा पाठवताना नवा क्रमांक तयार करू नका. हे शेवटचे वाक्य हमखास राहून जाते.

दोघांनी एकाच वेळी नोंद उघडली तर काय, यावर पुस्तिकेत एक छोटे प्रकरण आहे. वाचताना नोंदीची आवृत्ती मिळते, बदलताना ती परत द्यायची. मधल्या काळात कोणी बदल केला असेल तर प्रणाली ४१२ हा संकेत देऊन नकार देते. इतके केले की पुरे. एजंटाने नकार आल्यावर नोंद पुन्हा वाचावी आणि आपला बदल अजून लागू आहे का हे पाहावे, आवृत्तीचा आकडा तेवढा बदलून तीच विनंती रेटू नये, एवढे मात्र लिहून ठेवावे.

नकाराच्या संदेशांकडे सगळेच दुर्लक्ष करतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ‘अवैध विनंती’ एवढेच उत्तर आले की एजंट फील्डे बदलून बदलून पाहू लागतो. कधी तरी एखादी जोडी स्वीकारली जाते आणि ती चुकीची असू शकते. त्याऐवजी उत्तर असे असावे : ‘गट क्रमांक १२/१ या गावात नाही. १२/१अ आणि १२/१ब आहेत. कोणता ते अर्जदाराला विचारा, स्वतः निवडू नका.’ तहसीलच्या खिडकीवर समजूतदार कारकून असतो तेव्हा तो कागद नुसता परत करत नाही, काय कमी आहे ते सांगतो. नकाराचा संदेश हेही दस्तऐवजीकरणच आहे आणि एजंट ते नेमके अडचणीच्या क्षणी वाचतो.

शेऱ्याच्या रकान्याबद्दलही सावध करतो. नोंदीत लोकांनी लिहिलेला मजकूर असतो, तक्रारी असतात, अर्ज असतात. त्यात कोणी ‘हा दावा मंजूर समजावा’ असे लिहिले असेल, तर एजंट ते वाक्य आज्ञा म्हणून वाचू शकतो. वर्णनात बजावून सांगावे की नोंदीतला मजकूर ही माहिती आहे, सूचना नाही. पण अशा बजावण्यावर सगळी भिस्त ठेवू नये. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूलवर खुणा लावायची सोय आहे, की हे टूल फक्त वाचते, हे नाश करू शकते, हे पुन्हा चालवले तरी चालेल. त्या खुणा सूचनेपुरत्या आहेत, हमी म्हणून नाहीत, असे त्या मानकातच म्हटले आहे. कुलूप दाराला लावावे, दारावरच्या पाटीला नव्हे.

त्या कुलपाबद्दल माझे मत ठाम आहे, आणि पुस्तिकेचे सगळे वाचक त्याच्याशी सहमत होतील असे नाही. वनहक्काच्या, जमिनीच्या आणि मजुरीच्या नोंदींत एजंटाला पेन्सिल द्यावी. शाई देऊ नये. त्याने बदल मांडावा, आधी काय होते आणि आता काय होईल हे शेजारी शेजारी दाखवावे, कारण आणि ठराव क्रमांक जोडावा, आणि प्रमाणित करायला माणूस असावा. तो माणूसही ज्याने एजंटाला काम सांगितले तोच असू नये. यात वेळ जातो, असा आक्षेप मला अनेकदा ऐकायला मिळाला आहे. जातो. हरकतीचे पंधरा दिवसही जातच होते. ते दिवस ज्याच्या नावाला कंस होणार होता त्याच्यासाठी राखलेले होते. मेंढ्याची ग्रामसभा सर्वसहमती होईपर्यंत निर्णय घेत नाही. एकाचा विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. त्या गावाने वेळेचा हा खर्च समजून उमजून स्वीकारलेला आहे, आणि त्याच गावाने देशातला पहिला सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला.

पुस्तिका दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, जे टूल लिहितात. त्यांना इथले शब्द आणि इथल्या नोंदी अनोळखी असतील. त्यांनी पहिली तीन प्रकरणे घाईने ओलांडू नयेत. दुसरे, जे ग्रामसभेत, वनहक्क समितीत किंवा एखाद्या संस्थेत बसून नोंदी सांभाळतात. त्यांना तांत्रिक भाग जड जाईल, तरी वर्णनांचे नमुने त्यांनी अवश्य वाचावेत. वर्णन साध्या भाषेत असते, आणि त्यात काय राहिले हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही. एखाद्या टूलचे वर्णन लिहून झाले की ते वनहक्क समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. ‘मग बाईचे नाव कुठे जाते?’ असा प्रश्न तिथे कोणीतरी विचारेल. तो लिहून घ्या आणि त्याचे उत्तर वर्णनात घाला.

या पुस्तिकेतले दावे, गट क्रमांक, कक्ष क्रमांक आणि धारकांची नावे उदाहरणासाठी रचलेली आहेत. तालुक्यांची आणि जिल्ह्यांची नावे मात्र खरी आहेत. म्हणून नमुन्यातली कोणतीही विनंती चालू प्रणालीवर पाठवून पाहू नका. सरावासाठी नोंदींची वेगळी प्रत करा, आणि सराव संपला की ती प्रत पुसून टाका.